विश्लेषण : शुक्राणूंची संख्या पुरेशी, तरी मूल का नाही? सूक्ष्मदर्शकातून काय दिसते आणि काय दिसत नाही?

लग्नाला दोन-तीन वर्षे होऊनही पाळणा हलला नाही, की घरातली पहिली विचारणा होते ती सुनेकडे. तिची सोनोग्राफी होते, हार्मोनच्या तपासण्या होतात, गर्भनलिका मोकळ्या आहेत का ते पाहिले जाते. जोडीला उपासतापास आणि नवसही तिच्याच वाट्याला येतात. या सगळ्यात नवऱ्याची एक साधी, स्वस्त आणि सुईसुद्धा न टोचता होणारी तपासणी मात्र मागे पडते. निफाड-दिंडोरीपासून धुळे-नंदुरबारपर्यंतची जोडपी वंध्यत्वावरील उपचारांसाठी नाशिक गाठतात. तिथे त्यांच्यापुढे आता नवी नावेही येऊ लागली आहेत : शुक्राणू सहा हजार पट मोठा करून दाखवणारा सूक्ष्मदर्शक, शुक्राणूंच्या डीएनएची चाचणी, कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेली शुक्राणूंची निवड. यातले निदानासाठी काय गरजेचे, उपचारासाठी काय उपयोगी आणि नुसताच खर्च वाढवणारे काय, याचा हा आढावा.

पुरुषाची तपासणी आधी का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात साधारण सहापैकी एका व्यक्तीला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावे लागते. कोणतेही गर्भनिरोधक न वापरता वर्षभर नियमित संबंध ठेवूनही गर्भधारणा न होणे, ही वंध्यत्वाची वैद्यकीय व्याख्या. अशा जोडप्यांपैकी जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचे कारण आढळते. कधी ते एकमेव कारण असते, कधी पत्नीच्या बाजूच्या कारणाबरोबरचे. म्हणून दोघांचीही तपासणी एकाच वेळी सुरू व्हावी, असे तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात.

प्रत्यक्षात पुरुषाचा अहवाल अनेकदा वर्ष-दोन वर्षे उशिरा येतो. 'मला काही त्रास नाही' हे त्याचे नेहमीचे कारण. वैवाहिक संबंध नीट असले म्हणजे शुक्राणूही ठीक असणार, असा समज त्यामागे असतो. तो चुकीचा आहे. लैंगिक क्षमता आणि प्रजननक्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वीर्यातील शुक्राणूंचा वाटा अगदी थोडा असतो. बाकीचा द्रव इतर ग्रंथींतून येतो. त्यामुळे वीर्य डोळ्यांना नेहमीसारखे दिसले, तरी त्यात शुक्राणू आहेत की नाहीत हे सूक्ष्मदर्शकाशिवाय कळत नाही.

उशिराचा फटका पत्नीला बसतो. वयाच्या पस्तिशीनंतर स्त्रीबीजांची संख्या आणि गुणवत्ता वेगाने घसरते. नवऱ्याच्या अहवालाची वाट पाहण्यात गेलेली वर्षे तिच्या हातातून जातात.

वीर्य तपासणीत नेमके काय पाहतात?

नमुना देण्यापूर्वी २ ते ७ दिवस संबंध वा हस्तमैथुन टाळायचे असते. नमुना शक्यतो प्रयोगशाळेतच द्यावा. घरून आणायचा असेल तर निर्जंतुक डबीत, अंगाच्या उबेजवळ ठेवून आणि तासाभराच्या आत पोहोचवावा लागतो. साध्या निरोधातून नमुना आणू नये, कारण त्यातील रसायनांनी शुक्राणू मरतात. सुरुवातीला घट्ट असलेले वीर्य थोड्या वेळात पातळ होते आणि मग खरी तपासणी सुरू होते.

पहिला टप्पा मोजणीचा. चौकोनांची बारीक जाळी कोरलेल्या काचेच्या कक्षात थेंब ठेवून शुक्राणू मोजतात. दोन वेगवेगळ्या थेंबांत प्रत्येकी किमान २०० शुक्राणू मोजायचे आणि दोन्ही आकडे जुळतात का ते पाहायचे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे. दुसरा टप्पा हालचालीचा. किती शुक्राणू पुढे जातात, किती जागच्या जागी वळवळतात आणि किती निपचित आहेत, याची टक्केवारी काढतात. तिसरा टप्पा आकाराचा. थेंब काचेवर पसरून, रंगवून, हजार पट मोठा करून डोके, मान आणि शेपटी तपासतात.

जिवंत शुक्राणू जवळजवळ पारदर्शक असतो. साध्या प्रकाशात तो पाण्यातल्या काचेच्या तुकड्यासारखा हरवून जातो. रंग न लावता तो स्पष्ट दिसावा यासाठी 'फेज कॉन्ट्रास्ट' तंत्र वापरतात. पेशीतून आलेला प्रकाश किंचित मागे पडतो आणि हे तंत्र तो फरक उजेड-सावलीत बदलून दाखवते. हे तंत्र शोधणारे डच शास्त्रज्ञ फ्रिट्स झर्निके यांना १९५३ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. आज कुठल्याही चांगल्या वीर्य तपासणी प्रयोगशाळेत असा सूक्ष्मदर्शक असायला हवा.

अहवालातील आकडे कसे वाचायचे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेची सहावी आवृत्ती २०२१ मध्ये आली. तिच्यातील किमान संदर्भमूल्ये अशी : वीर्याचे प्रमाण १.४ मिलिलिटर, एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू, संपूर्ण नमुन्यात ३ कोटी ९० लाख, एकूण हालचाल ४२ टक्के, पुढे जाणारे शुक्राणू ३० टक्के आणि योग्य आकाराचे शुक्राणू ४ टक्के.

या शेवटच्या आकड्याने अनेक जण हादरतात. 'शंभरातले ९६ शुक्राणू सदोष' असे वाचून रात्रीची झोप उडते. पण निरोगी बापांच्या नमुन्यातही बहुतांश शुक्राणू वेड्यावाकड्या आकाराचेच असतात. माणसाच्या बाबतीत निसर्गाची ही रीतच आहे.

हे आकडे म्हणजे पास-नापासाची रेषाही नव्हे. ज्यांच्या पत्नीला वर्षभरात गर्भधारणा झाली, अशा पुरुषांच्या नमुन्यांवरून ते काढलेले आहेत. त्या बापांपैकी सर्वांत खालचे ५ टक्के या आकड्यांच्याही खाली होते. म्हणजे आकडा कमी असूनही मूल होऊ शकते आणि आकडा भरपूर असूनही अडचण असू शकते.

एकाच अहवालावर निष्कर्षही काढू नये. शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात आणि त्यानंतर तो परिपक्व होऊन बाहेर पडायला आणखी काही दिवस. आजच्या नमुन्यात दिसतो तो तीन महिन्यांपूर्वीचा काळ. तेव्हा डेंग्यूचा ताप येऊन गेला असेल, तर त्याची खूण आज दिसेल. अहवाल बिघडलेला असेल तर काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी करतात ती यासाठीच. व्यसन सोडल्याचा किंवा औषधांचा परिणामही तीन महिन्यांआधी तपासण्यात अर्थ नसतो.

साध्या सूक्ष्मदर्शकाची मर्यादा कोणती?

शुक्राणू प्रथम दिसला तो १६७७ मध्ये. हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी आंतोनी व्हान लेव्हेनहुक स्वतः घासलेल्या भिंगांतून पाण्याचे थेंब, दातांवरचा मळ असे काहीबाही पाहत असे. वीर्यात शेपटीवाले असंख्य जीव वळवळताना पाहून त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिले. हा नमुना कुठल्या पापाचरणातून नव्हे, तर वैवाहिक संबंधातून मिळाल्याचा खुलासाही त्याने त्या पत्रात केला होता. या विषयातला संकोच इतका जुना आहे.

पुढची दोन शतके भिंगे सुधारत गेली. १८७३ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट आबे यांनी दाखवून दिले, की भिंग कितीही चांगले असले तरी प्रकाशाच्या लहरींची लांबी आड येते. एकमेकांपासून सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा कमी अंतरावरचे दोन बिंदू साध्या प्रकाशात वेगळे दिसत नाहीत. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.

शुक्राणूचे डोके साधारण ४ ते ५ मायक्रोमीटर लांब, म्हणजे मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढे. ते साध्या सूक्ष्मदर्शकात नीट दिसते. पण शेपटीच्या आतली गतीची यंत्रणा जेमतेम २०० ते २५० नॅनोमीटर जाडीची असते. तिचे सुटे भाग साध्या सूक्ष्मदर्शकात दिसणे शक्यच नाही. त्यामुळे 'शुक्राणू हलत नाहीत' एवढे कळते. का हलत नाहीत, ते कळत नाही.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने काय उलगडले?

१९३१ मध्ये बर्लिनमध्ये अर्न्स्ट रुस्का आणि माक्स क्नोल यांनी प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनचा झोत वापरणारा सूक्ष्मदर्शक उभा केला. इलेक्ट्रॉनची लहर प्रकाशाच्या लहरीपेक्षा कितीतरी आखूड असल्याने आबे यांनी सांगितलेली अडचण दूर झाली. शेपटीचा आडवा छेद घेऊन पाहिला तेव्हा एक सुबक रचना दिसली. कडेने नलिकांच्या नऊ जोड्या, मध्ये दोन सुट्या नलिका. कडेच्या जोड्यांना 'डायनीन' नावाच्या प्रथिनाचे इवलेसे हात असतात. हे हात शेजारच्या जोडीला धरून ओढतात, नलिका एकमेकींवर सरकतात आणि शेपटी वाकते.

स्वीडनचे शास्त्रज्ञ ब्यॉर्न आफ्झेलियस यांनी १९७६ मध्ये शुक्राणू अजिबात न हलणाऱ्या काही पुरुषांची हकीकत 'सायन्स' या नियतकालिकात मांडली. त्यांच्या शुक्राणूंच्या शेपट्यांत हे डायनीनचे हातच नव्हते. या पुरुषांना लहानपणापासून सर्दी, सायनस आणि कफाचा त्रास होता आणि त्यांच्यापैकी काहींचे हृदय उजव्या बाजूला होते. वरवर पाहता एकमेकांशी संबंध नसलेल्या या तक्रारींचे मूळ एकच निघाले. श्वासनलिकेतला कफ बाहेर ढकलणारे सूक्ष्म केस आणि शुक्राणूची शेपटी यांची आतली रचना सारखीच असते. गर्भावस्थेत हृदय डावीकडे वळते तेही अशाच केसांच्या हालचालीमुळे.

म्हणूनच शुक्राणू जिवंत असूनही हलत नसतील, तर जाणकार डॉक्टर 'वरचेवर सर्दी-खोकला होतो का?' असे विचारतात. हा प्रश्न विचारायला एक रुपयाही लागत नाही. पण तो सुचला, त्यामागे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आहे.

असाच दुसरा दोष म्हणजे गोल डोक्याचे शुक्राणू. शुक्राणूच्या डोक्यावर टोपीसारखी पिशवी असते आणि तिच्यातील विकरांमुळे स्त्रीबीजाचे कवच भेदता येते. काही पुरुषांत ही टोपीच तयार होत नाही आणि डोके वाटोळे राहते. संख्या भरपूर, हालचालही असते, पण असा शुक्राणू बीजात शिरू शकत नाही. त्यामागील जनुकीय कारणेही आता माहीत झाली आहेत.

सुपर-रिझोल्यूशन म्हणजे काय?

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून रचना दिसते. कोणते प्रथिन नेमके कुठे बसले आहे हे त्यातून सहज कळत नाही. त्यासाठी प्रथिनांना चमकणारे रंग जोडतात. सगळे रंगकण एकदम चमकले तर चित्र पुसट होते. म्हणून ते थोडे-थोडे, वेगवेगळ्या वेळी चमकवायचे, प्रत्येकाची अचूक जागा टिपायची आणि हजारो चित्रांतून एक चित्र जुळवायचे, ही युक्ती काढली गेली. दुसऱ्या पद्धतीत लेसरच्या झोताभोवतीची चमक दुसऱ्या झोताने विझवतात. या कामासाठी एरिक बेट्झिग, स्टेफान हेल आणि विल्यम मोर्नर यांना २०१४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

त्याच वर्षी अमेरिकेतील संशोधकांनी या तंत्राने उंदराच्या शुक्राणूची शेपटी पाहिली. बीजाजवळ पोहोचल्यावर शुक्राणूला जोराचा फटका मारता यावा म्हणून शेपटीत कॅल्शियम आत सोडणारी दारे असतात. ही दारे शेपटीवर कशीही विखुरलेली नसून शर्यतीच्या गाडीवरील पट्ट्यांसारखी चार सरळ रांगांत मांडलेली असल्याचे दिसले. ही मांडणी बिघडली की शुक्राणू पोहतो, पण ऐनवेळी जोर लावू शकत नाही. साध्या अहवालात असा शुक्राणू 'हालचाल करणारा' म्हणून मोजला जातो.

२०१८ मध्ये टोलेडो विद्यापीठातील टोमर अविडोर-राईस यांच्या गटाने आणखी एक समज मोडीत काढला. पेशीच्या विभाजनात दिशा देणारे 'तारककेंद्र' गर्भाला वडिलांकडून मिळते. माणसाच्या शुक्राणूत असे एकच चालू तारककेंद्र असते, दुसरे झिजून गेलेले असते, असे पाठ्यपुस्तके सांगत. सुपर-रिझोल्यूशन सूक्ष्मदर्शकातून दिसले, की दुसरेही असते, फक्त त्याचा आकार वेगळा असतो आणि ते गर्भात कामही करते. फलन होऊनही गर्भ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढायचा थांबतो, अशा काही जोडप्यांच्या कोड्याचे उत्तर इथे सापडेल का, याचा शोध त्यामुळे सुरू झाला. सध्या मात्र ही संशोधनाची साधने आहेत. नेहमीच्या तपासणीत ती आलेली नाहीत.

मग असे शक्तिशाली सूक्ष्मदर्शक उपचारात का वापरत नाहीत?

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी शुक्राणू रसायनात बुडवून, वाळवून, राळेत गोठवून कापावा लागतो. सुपर-रिझोल्यूशनसाठीही बहुधा तो मारून रंगवावा लागतो. डीएनए तुटल्याची चाचणी झालेला शुक्राणूही पुन्हा वापरता येत नाही. ज्या शुक्राणूची पूर्ण माहिती मिळाली तो बाप होऊ शकत नाही, आणि ज्याला बाप करायचे आहे त्याला रंग न लावता, न दुखावता, घाईतच पाहावे लागते. म्हणून या चाचण्या नमुन्याविषयी सांगतात, निवडलेल्या एका शुक्राणूविषयी नाही.

ही निवड महत्त्वाची ठरली ती १९९२ पासून. ब्रुसेल्समध्ये एकच शुक्राणू बारीक सुईने थेट स्त्रीबीजात सोडण्याचे तंत्र यशस्वी झाले. त्याला 'इक्सी' म्हणतात. त्यात भ्रूणतज्ज्ञ २०० ते ४०० पट मोठे करून दिसणारा, चांगला पोहणारा आणि बऱ्या आकाराचा शुक्राणू उचलतो. ज्यांना मूल होणे अशक्य म्हटले जाई, अशा हजारो पुरुषांना या तंत्राने बाप केले.

त्याची दुसरी बाजूही आहे. एक शुक्राणू पुरेसा ठरल्यावर बाकीचे का बिघडले हे शोधण्याची घाई कमी झाली. दोष नवऱ्याच्या बाजूचा असला, तरी रोजची इंजेक्शने, भूल देऊन बीज काढणे आणि त्यातले धोके पत्नीने सोसायचे, असा हा उपचार आहे. पुरुषातले कारण सापडले आणि ते बरे होण्यासारखे असले, तर कधीकधी या वाटेला जावेच लागत नाही. वृषणाच्या शिरा फुगणे, म्हणजे व्हेरिकोसील, हे त्यातले नेहमी आढळणारे कारण.

सहा हजार पट मोठा करून निवडलेला शुक्राणू अधिक चांगला का?

इक्सीत शुक्राणू आणखी बारकाईने निवडण्यासाठी इस्रायलमधील बार्तूव यांच्या गटाने या शतकाच्या सुरुवातीला 'इम्सी' हे तंत्र पुढे आणले. त्यात जिवंत शुक्राणू सहा हजार पटींहून मोठा करून डोक्यातील पोकळ्या पाहतात. मोठ्या पोकळ्या असलेले शुक्राणू बाजूला ठेवायचे, अशी कल्पना. ती तर्काला धरून आहे. पण एवढे मोठे चित्र मुख्यतः कॅमेरा आणि पडद्याच्या मदतीने वाढवलेले असते. आबे यांची मर्यादा इथेही लागू असते. फोटो मोबाइलवर बोटांनी मोठा केला म्हणून त्यात नवा तपशील येत नाही, तसेच हे.

निकाल काय सांगतो? वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या 'कॉक्रेन'च्या २०२० मधील अहवालात १३ चाचण्यांतील २,७७५ जोडप्यांची माहिती तपासण्यात आली. साध्या इक्सीपेक्षा इम्सीमुळे जिवंत बाळ जन्माला येण्याची शक्यता वाढते, असे सांगण्याजोगा भरवशाचा पुरावा त्यात मिळाला नाही. डीएनए तुटल्याच्या चाचणीबाबतही अमेरिकी तज्ज्ञ संघटनांच्या सूचना स्पष्ट आहेत. पहिल्याच तपासणीत ती सरसकट करू नये. वारंवार गर्भपात होत असेल, तेव्हा तिचा विचार करावा.

याचा अर्थ ही तंत्रे खोटी आहेत असा नाही. मोजक्या जोडप्यांत त्यांचा उपयोग होत असेलही. पण 'मोठा सूक्ष्मदर्शक म्हणजे हमखास बाळ' असे कोणी सांगत असेल, तर त्याला आधार नाही.

शुक्राणू शून्य असतील तर?

वंध्यत्वासाठी येणाऱ्या पुरुषांपैकी १० ते १५ टक्के पुरुषांच्या वीर्यात शुक्राणू सापडतच नाहीत. अशा वेळी पहिला प्रश्न असतो : शुक्राणू तयार होतात पण वाट बंद आहे, की तयारच होत नाहीत? वाट बंद असेल तर वृषणातून वा त्याला जोडलेल्या नलिकेतून सुईने शुक्राणू मिळू शकतात. तयारच होत नसतील, तर हार्मोन, गुणसूत्रे आणि 'वाय' गुणसूत्रातील तुटलेले तुकडे तपासावे लागतात. या तुकड्यांपैकी काही पूर्णपणे गेलेले असतील, तर वृषणात शुक्राणू मिळण्याची आशा जवळपास नसते आणि एका रक्तचाचणीने निरर्थक शस्त्रक्रिया टळते. काही दोषांत मूल होऊ शकते, पण मुलगा झाल्यास तो दोष त्याच्याकडेही जातो. त्यामुळे आधी समुपदेशन हवे.

इथे सूक्ष्मदर्शक थेट शस्त्रक्रियेत येतो. न्यूयॉर्कचे पीटर श्लेगेल यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या पद्धतीत वृषण उघडून १५ ते २५ पट मोठे करून पाहतात. ज्या नलिकांत शुक्राणू असण्याची शक्यता आहे त्या थोड्या फुगीर आणि दुधट दिसतात. तेवढ्याच उचलायच्या. शुक्राणू तयार न होणाऱ्या पुरुषांपैकी साधारण निम्म्यांत या पद्धतीने काही शुक्राणू मिळतात.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा उपयोग याच टप्प्यावर आशादायक दिसतो. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील केंद्राने २०२५ मध्ये एका जोडप्याची माहिती दिली. जवळजवळ दोन दशके ते मुलासाठी प्रयत्न करत होते. वेगवान कॅमेऱ्याने वीर्याच्या नमुन्याच्या सुमारे २५ लाख प्रतिमा घेण्यात आल्या, संगणकाने त्यातून मोजके शुक्राणू हेरले आणि ते अलगद वेगळे केले गेले. त्यातून गर्भधारणा झाली. ही सुरुवात आहे. एका जोडप्याच्या यशावरून सर्वांचा अंदाज बांधता येत नाही.

महाराष्ट्रात या संशोधनाची स्थिती काय?

प्रजनन संशोधनाची राज्याची परंपरा जुनी आहे. मुंबईतील परळ येथे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची प्रजनन आणि बालआरोग्य संशोधन संस्था आहे. याच संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार आणि केईएम रुग्णालयाच्या डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी हर्षा या टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला. कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांनी १९७८ मध्येच हे साधले होते, हे पुढे आनंद कुमार यांनीच पुढाकार घेऊन मान्य करायला लावले. पुरुष वंध्यत्वाच्या जनुकीय कारणांचा अभ्यास परळच्या या संस्थेत, तसेच हैदराबादच्या पेशी व रेणू जीवशास्त्र केंद्रात होतो.

नाशिकचा वाटा वेगळा असू शकतो. राज्यभरातील वैद्यकीय महाविद्यालयांच्या परीक्षा आणि अभ्यासक्रम पाहणारे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून इथे आहे. वीर्य तपासणीचा दर्जा यंत्रापेक्षा मोजणाऱ्याच्या प्रशिक्षणावर अवलंबून असतो. एकाच नमुन्याचे दोन प्रयोगशाळांतील अहवाल वेगळे येतात, ते बहुधा या कारणाने. महागड्या यंत्रांपेक्षा तालुक्याच्या प्रयोगशाळेत दंडकाप्रमाणे मोजणी होणे जास्त जोडप्यांच्या उपयोगाचे आहे.

उपचारांचा खर्च हा दुसरा अडसर. गोव्याने २०२३ मध्ये गोवा वैद्यकीय महाविद्यालयात मोफत आयव्हीएफ सेवा सुरू केली. महाराष्ट्रात मात्र बहुतांश जोडप्यांची भिस्त खासगी केंद्रांवरच आहे. अशी केंद्रे २०२१ च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याखाली नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे.

द्राक्षबागा आणि कारखान्यांशी याचा संबंध काय?

१९७७ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या लॅथ्रप येथे कीटकनाशकांच्या कारखान्यातील कामगारांच्या आपसातल्या गप्पांतून एक गोष्ट लक्षात आली : त्यांच्यापैकी अनेकांना बऱ्याच वर्षांत मूल झाले नव्हते. साधी वीर्य तपासणी केली, तेव्हा कित्येकांत शुक्राणू अत्यल्प किंवा शून्य आढळले. कारण ठरले डीबीसीपी हे मुळांवरील सूत्रकृमी मारणारे रसायन. द्राक्षबागांतही ते वापरले जाई. दोन वर्षांत अमेरिकेने त्यावर जवळपास पूर्ण बंदी घातली. नोबेलविजेत्या यंत्रांनी नव्हे, तर कामगारांच्या बोलण्याने आणि साध्या मोजणीने हा धोका उघड झाला.

द्राक्षाच्या हंगामात वारंवार फवारणी करणाऱ्या नाशिक जिल्ह्यासाठी हा धडा मोलाचा आहे. आजची औषधे वेगळी आहेत आणि प्रत्येक औषध शुक्राणूंना घातक असते असे नाही. तरीही हातमोजे, मुखपट्टी, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि फवारणीनंतर लगेच आंघोळ, एवढी काळजी घ्यायलाच हवी. तपासणीच्या वेळी आपण फवारणी करतो, भट्टीजवळ उभे राहतो की दिवसभर वाहन चालवतो, हे डॉक्टरांना सांगावे. वृषणांना शरीरापेक्षा २ ते ४ अंश कमी तापमान लागते. तंबाखू, दारू आणि लठ्ठपणा यांचाही परिणाम होतो. व्यायामशाळेत शरीर कमावण्यासाठी घेतलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने तर शुक्राणूंची निर्मिती थेट थांबवू शकतात. बाहेरून हार्मोन मिळाले, की मेंदू वृषणांना काम थांबवण्याचा निरोप देतो.

जोडप्याने काय विचारावे?

पहिले, दोघांची तपासणी एकत्र सुरू होते आहे का? दुसरे, वीर्य तपासणी दोनदा झाली का आणि ती जागतिक आरोग्य संघटनेच्या दंडकाप्रमाणे आहे का? तिसरे, पुरुषाची प्रत्यक्ष शारीरिक तपासणी झाली का? व्हेरिकोसील किंवा वृषणातील गाठ कागदावरच्या आकड्यात दिसत नाही, आणि वंध्यत्वाच्या निमित्ताने कर्करोगाची गाठ वेळेत सापडल्याची उदाहरणे आहेत. चौथे, एखादी महागडी जादा चाचणी सुचवली असेल, तर तिच्या निकालाने उपचार बदलणार आहे का? उत्तर 'नाही' असेल, तर ती चाचणी कशासाठी, हे विचारण्याचा हक्क जोडप्याला आहे.

महाराष्ट्रात रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकातून या विषयांवर मोकळेपणाने लिहिले. त्याला शतक उलटले. सूक्ष्मदर्शक या काळात पेशीच्या आतल्या प्रथिनांपर्यंत पोहोचला. बऱ्याच घरांत मात्र नवरा अजून प्रयोगशाळेच्या दारापर्यंत पोहोचलेला नाही. ती पहिली पायरी चढायला लागतात फक्त काहीशे रुपये आणि एक सकाळ.